शेवटच्या वळणावरचं तेल

साडूचा आवाज कानावर पडला की बेकरीवाल्याच्या तोंडची चवच जायची. हे काही आजचं नव्हतं. साडू घरं विकायचा, म्हणजे एकाने बांधलेली घरं दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची त्याला खोड होती. हात नेहमी गरम आणि ओलसर. दोघांनी सख्ख्या बहिणींशी लग्न केल्यामुळे हे नातं जडलं होतं. "पदरी पडलं आणि पवित्र झालं," असं बेकरीवाल्याची बायको म्हणायची, आणि 'पवित्र' म्हणताना तिलाच हसू फुटायचं.

तरी घरच्या जेवणाखाण्यापुरता साडू सहन होत होता. पण एका रविवारी तो ट्रॅकवर उगवला, आणि बेकरीवाल्याला वाटलं, आता या माणसापासून सुटका नाही.

रविवार हा बेकरीवाल्याचा स्वतःचा दिवस. आठवडाभर भट्टी, पिठाची पोती, यीस्टचा आंबूस वास आणि उधारीवर पाव मागणारी तोंडं. रविवारी मात्र तो शहराबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर जायचा. तिथे विमानं उतरायची कधीच बंद झाली होती. एका हौशी क्लबने त्या पट्टीला दोन-चार वळणं जोडून, कडेने जुन्या टायरांच्या भिंती रचून तिचा ट्रॅक केला होता. क्लबचे सभासद म्हणजे सगळे असेच, एक दातांचा डॉक्टर, एक न्हावी, दोन प्लंबर भाऊ. अध्यक्षांचं टायरचं दुकान होतं. प्रत्येकाने आपापल्या गाडीने फेऱ्या मारायच्या, आणि ज्याची फेरी सगळ्यांत कमी वेळात झाली त्याला पत्र्याचा कप. कपाला मोडीतसुद्धा कुणी विचारलं नसतं, पण त्याच्यासाठी ही मोठाली माणसं लहान पोरांसारखी रुसायची.

बेकरीवाल्याची गाडी जुनी, दोन दारांची, मागची सीट काढून टाकलेली. मूळ रंग लाल, आता कुठे लाल आणि कुठे गुलाबी. उभी असताना थेंब थेंब तेल गाळायची, म्हणून तो तिच्याखाली बेकरीतला एक पिचका ट्रे सरकवून ठेवायचा. पण वळणात घातली की अशी चिकटून जायची, जसं काही रस्ता तिने पाठ केलाय.

साडूची गाडी बॅटरीवरची. पांढरीशुभ्र, साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत. पहिल्याच रविवारी त्याने कप नेला. गाडीने जराही आवाज केला नाही. सगळा आवाज साडूने केला.

"साडूभाऊ," बेकरीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून तो सगळ्यांदेखत म्हणाला, "तुमचा स्टोव्ह अजून पेटतोय का? नाही, रॉकेल लागलं तर सांगा!"

बेकरीवाल्याने शर्टाचा खांदा सगळ्यांच्या नकळत रुमालाने पुसला.

हळूहळू साडूसारखे आणखी पाच-सहा जण आले. सरळ पट्टीवर त्यांच्या गाड्या बाणासारख्या सुटायच्या. वळणाशी मात्र वजनामुळे त्यांना लवकर ब्रेक मारावा लागायचा, आणि फेऱ्या वाढल्या की बॅटरी तापून मान टाकायची. तिथे पेट्रोलवाले गाठायचे. म्हणजे खरं तर सामना रंगायला हवा होता. बेकरीवाल्याला मनातून तो आवडलाही होता. पण चहाच्या टपरीपाशी दोन टोळकी झाली. पेट्रोलवाले म्हणायचे, "आली बघा इस्त्री! जपून, चटका बसेल!" बॅटरीवाले नाकाला रुमाल लावून पेट्रोलवाल्यांच्या बाजूने जायचे आणि धुरापायी लहान मुलं कशी मरतात ते ऐकवायचे. ऐकवून झालं की स्वतःच्या गाड्या चार्ज करायला डिझेलच्या जनरेटरपाशी रांग लावायचे. जनरेटर दिवसभर काळा धूर ओकत उभा असायचा. त्याच्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नसे.

एका रविवारी कुणीतरी चार्जिंगच्या प्लगमध्ये चघळलेलं च्युइंगगम कोंबून ठेवलं. डॉक्टरने ते काडीने टोकरून काढलं तेव्हा पेट्रोलवाले एकमेकांच्या पाठीवर थापा मारत हसत होते. बेकरीवाला त्यांच्यातच उभा होता. त्या ओल्या, दातांचे वण उमटलेल्या गोळ्याकडे बघून त्याला मळमळलं. कुणाच्या तरी तोंडातून निघालेली वस्तू, आणि ती दुसऱ्याने टोकरून काढायची. पन्नाशीच्या माणसांना सुचलेली ही गंमत!

"तू का हसत नाहीस?" अध्यक्षांनी विचारलं.

"मला नाही हसू आलं," तो म्हणाला.

"साडू ना तुझा. रक्त नाही तरी पाणी तरी ओढणारच."

त्या बोलण्याने त्याचं पित्त आणखीनच खवळलं. साडूसाठी त्याच्या मनात कणव नव्हतीच. पण आपण ज्यांच्यात इतकी वर्षं उठलो-बसलो ते लोक असे आहेत, हे पोटात गेल्यावर पचेना.

मोसमाच्या शेवटच्या शर्यतीला दोन्ही बहिणी आल्या होत्या. बेकरीवाल्याची बायको चहाचा थर्मास घेऊन कट्ट्यावर बसली होती. धाकटी, म्हणजे साडूची बायको, एका तपासणी-प्रयोगशाळेत कामाला होती. लोकांचं रक्त, थुंकी, लघवी हाताळून तिला कशाचीच किळस उरली नव्हती, असं ती हसत सांगायची. सकाळच्या फेऱ्यांमध्ये बेकरीवाल्याची लाल गाडी पहिली आली. साडू थोडक्यात मागे. दुपारी जेवणानंतर आधी बॅटरीवाल्यांच्या फेऱ्या, मग पेट्रोलवाल्यांच्या, आणि मग निकाल.

जेवण झाल्यावर बेकरीवाला शेवटच्या वळणाकडे पायी निघाला. सकाळी तिथे त्याचं मागचं चाक जरा सरकलं होतं, जागा एकदा डोळ्यांनी बघावी म्हणून. वळणाच्या कडेला, टायरांच्या भिंतीमागे, झेंडेवाले मास्तर खुर्ची टाकून बसले होते. शाळेतून निवृत्त झालेले, सुरकुतलेले, पांढरी टोपी घातलेले. धोका दिसला की लाल झेंडा दाखवायचा आणि गाड्या थांबवायच्या, एवढंच त्यांचं काम.

वळणापाशी आल्याबरोबर वास आला. गिअरच्या तेलाचा तो कुजकट, गंधकासारखा वास ज्याने एकदा घेतला तो विसरत नाही. बेकरीवाला खाली वाकला. वळणाच्या आधी, बरोबर जिथे बॅटरीच्या जड गाड्या ब्रेक मारायच्या तिथे, रस्ता ओला चमकत होता. डबडं कलंडलं असतं तर एका जागी थारोळं झालं असतं. हे तसं नव्हतं. रंगारी भिंतीला हात देतो तसा एकसारखा, पातळ पट्टा ओढलेला.

त्याने मान वर केली. मास्तर आकाशाकडे बघत होते.

"मास्तर, तेल आहे इथे! सांगा त्यांना, गाड्या सोडू नका!"

"अध्यक्षांना माहीत असेल," मास्तर म्हणाले.

"माहीत असेल म्हणजे?"

मास्तरांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. "थोडी गंमत आहे म्हणाले. एखादी गाडी गोल फिरेल, गवतात जाईल. टायर लावलेलेच आहेत."

बेकरीवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो काही बोलणार तेवढ्यात लांब पट्टीच्या टोकाला पांढरी गाडी सुटलेली दिसली. साडूच. आणि आज त्याच्या शेजारच्या सीटवर कुणीतरी होतं. मिरवायला म्हणून त्याने बायकोला हेल्मेट घालून बसवलं होतं. सुटायच्या रेषेवर अध्यक्ष स्वतः उभे होते. त्यांनी धाकटीला बसताना पाहिलं होतं, दार बहुधा त्यांनीच लावून दिलं होतं, आणि तरी हात खाली केला होता.

"झेंडा दाखवा!" बेकरीवाला ओरडला.

मास्तरांचा हात झेंड्यापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. बेकरीवाल्याने तो झेंडा त्यांच्या हाताखालून ओढला, टायरांची भिंत ओलांडली आणि ट्रॅकच्या मधोमध जाऊन उभा राहिला. समोरून ती साबणाची वडी बिनआवाजाची वाढत येत होती. पेट्रोलच्या गाडीच्या आवाजावरून ती किती लांब आहे ते कळतं. इथे काहीच कळत नव्हतं, नुसती मोठी होत होती. तरी तो दोन्ही हातांनी झेंडा फडकवत राहिला.

साडूने ब्रेक दाबला. गाडी कोरड्या रस्त्यावर बरीच मंदावली, मग तिची पुढची चाकं तेलाला लागली आणि ती आडवी होऊन सरकत गेली. वेग मोडला होता म्हणून नुसती बाजूच्या टायरांना घासून थांबली. बेकरीवाला गवतात उडी मारून पडला होता. त्याच्या तोंडात माती गेली होती.

दार उघडून साडू बाहेर आला तो शिव्या देतच. "वेडबिड लागलंय का तुम्हाला? सकाळची वेळ मोडणार म्हणून आडवे आलात? एवढी जळते?"

"तेल आहे खाली. बघा तरी."

"दिसतंय ना! कुणाचं आहे तेही दिसतंय!"

तोवर अध्यक्षांची जीप आली. त्यांनी आधी धाकटीला हात देऊन उतरवलं, मग तेलाकडे पाहिलं, मग बेकरीवाल्याकडे. चेहरा असा साळसूद की जसं काही अंघोळ करून नुकतेच आलेत.

"मी तुला किती वेळा सांगितलं," ते दुःखाने म्हणाले, "ती गळकी गाडी दुरुस्त कर म्हणून."

बेकरीवाल्याला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "माझ्या गाडीचं? हे ओतलंय कुणीतरी. पट्टा ओढलाय. मास्तर, सांगा ना!"

मास्तर पुन्हा आकाशाकडे बघत होते.

"आणि धावत्या ट्रॅकवर माणूस उतरला की सभासदत्व बंद, हा नियम मागे तूच मांडला होतास," अध्यक्ष म्हणाले. मागे जमलेले सगळे, पेट्रोलवाले आणि बॅटरीवालेही, माना डोलावत होते. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं होतं. वड्याचं तेल वांग्यावर काढणं म्हणजे काय, ते बेकरीवाल्याने त्या डोलणाऱ्या मानांकडे बघून शिकून घेतलं. तो आपल्या गाडीपाशी गेला. बायकोने विचारलं, "लागलं का कुठे?" त्याने मान हलवली, चूळ भरली, पुन्हा चूळ भरली. मातीची चव गेली, दुसरी चव जाईना.

त्याच आठवड्यात मास्तर बेकरीत आले. गिऱ्हाइकं गेल्यावर काउंटरला चिकटून हळू आवाजात म्हणाले, "मी ओतलं नाही हो. मी फक्त बघितलं. अध्यक्ष स्वतः डबा घेऊन आले होते."

"मग हे तिथे का नाही बोललात?"

"तुम्हाला माहीत आहे, मी एकटा माणूस. रविवारी तेवढंच जाणं-येणं, चार माणसांत बसणं. तेही गेलं तर..." मास्तरांचे डोळे भरून आले. "तुम्ही मनात काही ठेवू नका, एवढंच म्हणा. मला झोप नाही."

बेकरीवाल्याने त्यांच्या ओल्या डोळ्यांकडे पाहिलं. दया यायला हवी होती, आली शिसारी. "पाव किती देऊ?" त्याने विचारलं. मास्तर पाव घेऊन गेल्यावर त्याने हात धुतले आणि काउंटरची फळी फडक्याने घासून पुसली.

रविवारी बायकोने बहिणीला आणि साडूला जेवायला बोलावलं. नातं तुटू नये म्हणून. जेवता जेवता साडूने घास गिळला, पाणी प्यायला आणि जाहीर केलं, "साडूभाऊ, मी तुम्हाला माफ केलंय."

बेकरीवाल्याच्या हातातला चमचा ताटात पडला. बायको म्हणाली, "कशाबद्दल माफ केलंत, भाऊजी? जीव वाचवला त्याबद्दल?"

"ताई, त्यांची बाजू तुम्ही घेणारच."

तेव्हा धाकटी बोलली. इतका वेळ ती खाली मान घालून भात चिवडत होती. "अध्यक्षांनी मला हात देऊन उतरवलं ना, तेव्हा त्यांच्या बुटांना तेल होतं. तळव्याला नाही, वरती. शिंतोडे. ते जीपमधून येऊन उतरले होते, तेलात पाय ठेवायच्या आधीच मी पाहिले. आणि हाताला तोच घाण वास. मी घरी येऊन तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, बघू."

"बघू म्हणालो म्हणजे बघणारच ना," साडू म्हणाला. पण तो गप्प झाला, आणि बोलका माणूस गप्प झाला की समजावं, त्याचं गणित चाललंय. त्याने भात आणखी घेतला आणि चवीने जेवला.

पुढे काही दिवस काहीच कानावर आलं नाही. बेकरीवाल्याला वाटलं, काही झालं तरी साडू आता अध्यक्षांची गचांडी धरेल. कसाही असला तरी त्या गाडीत त्याची बायको होती. या एका गोष्टीसाठी तो साडूला बाकी सगळं माफ करायला तयार झाला होता.

मग क्लबमध्ये राहिलेलं हेल्मेट आणायला बेकरीवाला निघाला. धाकटी म्हणाली, "मीही येते भाऊजी, हे तिथेच आहेत." लाल गाडीतून दोघं गेली. क्लबच्या खोलीत पंखा फिरत होता. अध्यक्ष आणि साडू एकाच बाकावर मांडीला मांडी लावून बसले होते, समोर चहा आणि बिस्किटं. भिंतीवर नवा फोटो लागला होता. दोघंही हसत, मध्ये एक नवा कोरा कप.

"ये ये," अध्यक्ष म्हणाले. "तुझाच विषय चालला होता. चारचौघांत एवढंच म्हण, चुकलं माझं. पुढच्या मोसमात गाडी घेऊन ये. मीच समितीला समजावतो."

"माझं काय चुकलं?"

साडू उठला. "ताणू नका हो आता. तुमच्यासाठीच मी शब्द टाकलाय. बघा, बॅटरीवाल्यांचा वेगळा कप झाला, चार्जिंगची पक्की सोय झाली, समितीवर मला घेतलं. सगळं गोडीत."

"तुमच्या बायकोने बुटांचं सांगितलं होतं," बेकरीवाला म्हणाला. "मग तुम्ही काय केलंत?"

"तेच तर केलं!" साडूचा चेहरा उजळला. "सरळ यांच्यासमोर येऊन बसलो. म्हटलं, मला सगळं माहीत आहे, आता बोला. भांडून काय पदरात पडलं असतं? डोकं वापरावं लागतं, साडूभाऊ."

अध्यक्षांनी बिस्किट चहात बुडवलं. ते मऊ होऊन आत पडलं, ते त्यांनी बोटाने काढून तोंडात टाकलं. "आणि वहिनींना कुठे काय झालं? खरचटलंसुद्धा नाही."

धाकटी दारातच उभी होती. "म्हणजे माझा भाव ठरवून मोकळे झालात," ती म्हणाली. "एक कप आणि एक खुर्ची."

"अगं, तसं नसतं ते," साडू म्हणाला.

"कसं असतं मग?"

अध्यक्ष पंख्याकडे बघायला लागले. बेकरीवाल्याने फळीवरून हेल्मेट काढलं. जाता जाता थुंकावंसं त्याला फार वाटलं, तोंडात थुंकी जमलीही. पण त्या फरशीवर थुंकलं तर आपण त्यांच्यातलेच होऊ, असं वाटून त्याने ती गिळली. ते जास्तच वाईट लागलं.

धाकटी त्याच्या आधी बाहेर पडली आणि लाल गाडीत जाऊन बसली. साडू मागोमाग आला. "अगं, आपली गाडी इकडे आहे!"

"माहीत आहे मला ती कुठे आहे ते," ती म्हणाली आणि काच वर केली.

अर्ध्या वाटेत तिने गाडी थांबवायला सांगितली. कडेला वाकून ती ओकली. एकदा, मग पुन्हा. बेकरीवाला पाण्याची बाटली घेऊन उभा राहिला.

"रोज इतकं काय काय हाताळते मी," तोंड पुसत ती म्हणाली, "कधी ओकारी आली नाही."

"पेट्रोलचा वास असेल," तो म्हणाला.

"तोही घाणच आहे, भाऊजी," ती म्हणाली, आणि दोघांनाही हसू आलं, पण फार वेळ टिकलं नाही.

ती बहिणीकडे राहिली ते बरेच महिने. साडू दोनदा मिठाईचा डबा घेऊन आला, एकदा दारात रडला. थोरलीने डबे ठेवून घेतले आणि त्याला चहा पाजून परत पाठवलं. पुढे धाकटीने प्रयोगशाळेजवळ स्वतःची खोली घेतली. समितीवर साडू अजून आहे म्हणतात, आणि पुढच्या खेपेला अध्यक्षपदाला उभा राहणार, असंही म्हणतात. मास्तर अजून त्याच वळणावर बसतात.

बेकरीवाल्याने गाडी विकायला काढली होती. पण गिऱ्हाईक बघायला आलं की त्याचाच जीव कासावीस व्हायचा. शेवटी बायको म्हणाली, "गाडीने काय घोडं मारलंय? माणसांचा राग तिच्यावर का?"

मग त्याने बराच लांबचा दुसरा ट्रॅक शोधला. पहिल्याच सकाळी, गाडी उभी करतोय न करतोय तोवर एक जण जवळ आला, पलीकडच्या बॅटरीच्या गाडीकडे बोट दाखवून डोळा मारत म्हणाला, "इस्त्री आली बघा." बेकरीवाल्याने हेल्मेट डोक्यावर घातलं, पट्टा आवळला आणि गाडीत बसला. दुपारपर्यंत फेऱ्या मारल्या. ती बॅटरीची गाडी कुणी तरुण बाई चालवत होती, सरळ पट्टीवर ती त्याला मागे टाकायची, वळणात तो तिला गाठायचा. चांगली चालवत होती.

संध्याकाळी घरी आल्यावर बायकोने चहा पुढे ठेवला. "कसे आहेत तिथले लोक?"

"अजून कुणाशी बोललो नाही."

"बोलूच नका," ती म्हणाली.